माजी उपमंत्री, मुलुंड पूर्व

श्यामसुंदर केणी मुलुंडला मुलाकडे राहायला आले ते एकोणीसशे ऐंशी साली, बायकोचं वर्षश्राद्ध उरकून. बरोबर दोन ट्रंका, एक वेताची आरामखुर्ची आणि एक पितळी पाटी. आल्या आल्या त्यांनी खालच्या गल्लीतल्या सुताराला बोलावलं, दारावरची ‘विद्याधर आणि जयंती केणी’ ही लाकडी पट्टी काढायला लावली आणि तिथे आपली पाटी ठोकून घेतली. ‘श्यामसुंदर केणी, माजी उपमंत्री, म्हैसूर राज्य.’

जयंती संध्याकाळी बँकेतून आली ती आपल्याच दारासमोर थबकली. मजला चुकला असं वाटून अर्धा जिना खालीही उतरली. मग लक्षात आलं.

“आमची पट्टी कुठाय, अप्पा?”

“कपाटावर ठेवलीय. लोकांना घर सापडायला हवं ना, सूनबाई.”

“कोणते लोक?”

अप्पांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि चहा सांगितला.

लोक काही आले नाहीत. मुलुंडात म्हैसूर राज्याचा माजी उपमंत्री राहतो म्हणून कुणी जिने चढून वर येणार नव्हतं, आणि म्हैसूर राज्य तर नावापुरतंसुद्धा उरलं नव्हतं. पण अप्पांना ऐकायला माणसं लागत. घरात दोनच होती. त्यातला विद्याधर जेवता जेवता माना डोलवायचा. लहानपणापासून तेच करत आला होता तो. उरली जयंती.

तिला अप्पांची सगळी कारकीर्द पाठ झाली. बावन्न सालची पहिली निवडणूक, कारवार तेव्हा मुंबई राज्यात होतं. अप्पा होडीतून खाडीकाठची गावं फिरले, बायकांनी गळ्यात अबोलीच्या वेण्या घातल्या, समोरच्या जमीनदाराचा पार धुव्वा उडाला. मग राज्यांच्या हद्दी बदलल्या आणि आमदारकीसकट अप्पा मुंबईहून उचलून बंगळुरात नेऊन बसवल्यासारखे झाले. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी कानडी मुळाक्षरं गिरवली. सत्तावन्नला पुन्हा निवडून आले, पुढच्या वर्षी उपमंत्री झाले. ते वर्षभरही टिकलं नाही. बासष्टला अनामत जप्त. सदुसष्टला अपक्ष, पुन्हा जप्त. नंतर एका सहकारी संस्थेचं अध्यक्षपद, तिथूनही सभासदांनी खाली खेचलं. हे शेवटचं मात्र अप्पा सांगत नसत. ते विद्याधरनं एकदा सांगितलं होतं, शिवाय हेही की त्या सगळ्या वर्षांत घर त्याच्या आईच्या, कमलबाईंच्या, शिवणाच्या क्लासवर चाललं.

बापलेक एकमेकांशी कोंकणीत बोलत. जयंती गिरगावातली, तिला कोंकणी फारशी कळत नसे. ती खोलीत आली की दोघं मराठीवर येत, पण येताना जो थांबा घेत तो तिला टोचायचा. अप्पांचं तिच्याशी बोलणं म्हणजे हुकूम. रेडिओ लाव, पडदा सार, वर्तमानपत्राला निवेदन पाठवायचंय, लिहून घे. ती दिवसभर काउंटरवर उभी राहून आलेली असायची. एकदा ती म्हणाली, “अप्पा, मी तुमची पी. ए. नाही.” तर ते म्हणाले, “माझी पी. ए. बी. ए. होती. पदवी घेतलेली माणसं इतकं उलट बोलत नसत.”

विद्याधर खिडकीबाहेर बघत राहिला.

ब्याऐंशीत सोसायटीची निवडणूक आली. इमारत चार मजल्यांची, दोन विंगांची, मागे मोकळी जागा. तिथे पोरं बॅडमिंटन खेळत, बायका पापड वाळवत. सोसायटीचा कारभार माणिक सबनीस नावाच्या शाळामास्तरणीच्या हातात होता. लोक तिला माणिकताई म्हणत. ती सेक्रेटरी होती, पहाटे उठून स्वतः पाण्याचा पंप सुरू करायची, आणि कुणी नळ उघडा टाकला की जिन्यात उभी राहून त्याच्या सात पिढ्या काढायची. अध्यक्षाची खुर्ची रिकामीच असल्यासारखी होती. अप्पांना ती दिसली.

अडचण एकच होती. घराचं कर्ज जयंतीच्या बँकेनं तिला दिलं होतं, म्हणून जागा तिच्या एकटीच्या नावावर होती. घरातल्या दुसऱ्या माणसाला सोसायटीत सहसभासद व्हायचं तर तिची सही लागत होती. विद्याधर तिला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, “कर ना सही. तेवढाच त्यांचा वेळ जाईल.”

जयंतीनं पोळी उलटली. अप्पा रोज दोन तास घराबाहेर राहतील, हा विचार तिला इतका गोड वाटला की तिनं हात पुसून लगेच सही केली.

मग तिनं अप्पांना काम करताना पाहिलं आणि तिचा राग थोडा वेळ बाजूला राहिला. म्हाताऱ्याला विद्या येत होती. ते दारोदार गेले. कुणाचं गाव कुठलं, कुणाच्या मुलीला स्थळं बघतायत, कुणाच्या गुडघ्यात पाणी झालंय, एकदा ऐकलं की विसरत नसत. पुढच्या वेळी जिन्यात भेटले की गुडघ्याचं नाव आधी काढत. तळमजल्यावरचे जयवंत तावडे, गिरणी सुटल्यावर एका कारखान्यात वॉचमन झालेले, कुणाशी बोलत नसत. ते अप्पांसाठी खुर्ची बाहेर आणून ठेवायला लागले. निवडणुकीत माणिकताईच्या माणसाचा पत्ता कट झाला. अप्पा अध्यक्ष झाले. अंगावर जाकीट चढवून ते फाटकापाशी हार स्वीकारत उभे राहिले तेव्हा विद्याधरचे डोळे भरून आले होते.

महिना दोन महिने बरे गेले. मग इमारतीत भांडणं लागायला लागली. तळमजल्याला पाणी जास्त मिळतं म्हणून वरचे चिडले. वरच्यांच्या टाकीमुळे आपल्या भिंतींना ओल येते म्हणून खालचे चिडले. हे सगळं आधीही होतं, पण माणिकताई दोघांनाही झापायची आणि विषय संपायचा. आता दोन्हीकडचे अप्पांकडे यायचे. अप्पा दोघांचंही ऐकून घेत, दोघांनाही “तुमचं बरोबर आहे” म्हणत. जयंती एका रविवारी भाजी निवडत हे स्वयंपाकघरातून ऐकत होती. सकाळी वरच्या मजल्यावरच्या बाई येऊन गेल्या, दुपारी तावडे. दोघांनाही एकच वाक्य.

“अप्पा, हे मिटेल कसं अशानं?”

“मिटलं की कुणी विचारत नाही, सूनबाई,” अप्पा म्हणाले. अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

त्याच सुमारास इमारत बांधलेला बिल्डर चंद्रप्रकाश मागच्या मोकळ्या जागेवर डोळा ठेवून होता. जागेचा कायदेशीर ताबा त्यानं सोसायटीला दिलाच नव्हता. तिथे त्याला आणखी एक इमारत उभी करायची होती आणि त्यासाठी सभासदांची संमती हवी होती. पहिल्या सभेत अप्पांनी त्याला फाडून खाल्लं. “माझ्या अंगात प्राण आहे तोवर त्या जागेत कुदळ पडणार नाही!” गच्चीवर टाळ्या पडल्या. जयंतीनंही वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात चंद्रप्रकाश फियाटमधून पेढे घेऊन घरी आला. दारातल्या पाटीसमोर थांबून त्यानं ती मोठ्यानं वाचली, चप्पल बाहेर काढली आणि आत येऊन अप्पांच्या पाया पडला. “मंत्रीजी, मला ठाऊकच नव्हतं. एवढा मोठा माणूस आपल्या बिल्डिंगमध्ये!” घाटकोपरला त्याच्या एका दुकानाचं उद्घाटन होतं. अप्पांना न्यायला गाडी आली. परतले ते गळ्यात गुलाबांचा हार घेऊन, जो त्यांनी काढून ठेवला नाही, तसेच जेवायला बसले. मग भूमिपूजनं झाली, एका शाळेतलं बक्षीस वाटप झालं. एका रविवारी दुपारी जयंतीच्या देखत चंद्रप्रकाश सहज बोलून गेला की नव्या चार मजली इमारतीला नाव काय द्यावं ते सुचत नाही, ‘श्यामसुंदर’ कसं वाटतं?

त्यानंतर अप्पा पुन्हा दारोदार निघाले. तळमजल्यावर सांगितलं, बिल्डर तुम्हाला वेगळी टाकी बांधून देतोय. वरच्या मजल्यांवर सांगितलं, टाकी एकच राहील, पण मोठा पंप येतोय, पाण्याचा सगळा जोर वर. मागच्या जागेचं त्यांनी कुठेच नीट सांगितलं नाही. “किरकोळ बांधकाम” एवढंच.

जयंतीनं विद्याधरला विचारलं. तो म्हणाला, “त्यांना काही तरी दिसत असेल. त्यांनी राज्याचा कारभार बघितलाय.”

“वर्षभरही बघितला नाही.”

“तू गप्प बस जरा.”

खंडू आला तो ह्याच दिवसांत, एका रविवारी. काळा, उंच, पांढऱ्या मिशांचा, हातात छत्री. त्यानं दारातूनच विचारलं, “केणीसाहेब इथेच राहतात?” जयंतीला नवल वाटलं. कारवारकडचा माणूस तीन वर्षांत पहिल्यांदाच दारात आला होता. तो चेंबूरला मुलाकडे राहत होता, कुठल्याशा लग्नात कुणी तरी अप्पांचा पत्ता सांगितला होता. जयंतीनं त्याला आत बसवलं आणि पाणी आणलं. त्यानं पेल्याला हात लावला नाही.

अप्पा जाकिटाची बटणं लावत बाहेर आले. “कोण? कुठले आपण?”

“आंबेगाळीचा. खंडू. तुमची होडी वल्हवायचो मी, बावन्न साली.”

अप्पांचा चेहरा खुलला. त्यांनी हात पुढे केला. खंडूनं छत्री ह्या हातातून त्या हातात घेतली, आणि अप्पांचा हात तसाच राहिला.

“मला काही नको साहेब. एक विचारायचं होतं. पंचवीस वर्षं राहिलंय विचारायचं. आमच्या पुलाचा प्रश्न तुम्ही सभेत घातला होता. मग मागं का घेतला?”

जयंती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, विद्याधर तिच्या मागे. आंबेगाळी हे नाव तिनं अप्पांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं होतं, अबोलीच्या वेण्यांसकट. पूल कधीच ऐकला नव्हता.

“ते तुला कळायचं नाही,” अप्पा म्हणाले. “सभागृहाच्या काही रीती असतात.”

“रीत मला ठाऊक नाय. एवढं ठाऊक आहे की प्रश्न मागं घेतलात आणि तुम्हाला लाल दिवा मिळाला. पूल दुसऱ्या तालुक्यात गेला. पुढच्या पावसाळ्यात तीच होडी खाडीत उलटली. मी वल्ह्यावर होतो. माझी बायको होती आत, शेजारची दोन पोरं होती. पोरं मी ओढून काढली. रुक्मिणी गावली नाय.” त्याचा आवाज चढला नाही. “तुम्ही तेव्हा भेटायला येणार म्हणून आम्ही वाट बघितली. गाडी पलीकडच्या काठापर्यंत आली होती तुमची. तिथून वळली.”

“भरती होती,” अप्पा म्हणाले.

खंडू जयंतीकडे वळून, “येतो बाय,” म्हणाला आणि जिना उतरून गेला.

“ह्या माणसाला वर कुणी घेतलं?” अप्पा ओरडले. “उद्यापासून मला विचारल्याशिवाय दार उघडायचं नाही!”

“खरं आहे का ते, अप्पा?”

“पूल तसाही होणार नव्हता! कळतंय का तुला? माझ्यामागे चार सभासद नव्हते. प्रश्न लावून धरला असता तर पूलही नाही आणि मीही नाही. निदान मी तरी आत पोचलो!”

“आत पोचून काय केलंत?”

ह्यावर अप्पा कोंकणीत काही तरी बोलले. जयंतीला शब्द कळला नाही, पण विद्याधरचे कान लाल झालेले तिनं पाहिले. नंतर आतल्या खोलीत तो हळूच म्हणाला, “ती गाडी वळली ना, तिच्यात मीही होतो. आईसुद्धा. त्यानंतर आई त्यांच्या एकाही सभेला गेली नाही.”

“आणि तू?”

“मी काय करणार होतो? सात वर्षांचा होतो.”

“आता नाहीस,” जयंती म्हणाली.

सभा गच्चीवर भरली. सतरंज्या, एक टेबल, मध्ये अप्पा. चंद्रप्रकाशचा माणूस कठड्यापाशी उभा होता. अप्पांनी ठराव वाचला तो इतक्या भरभर आणि इतक्या भारदस्त मराठीत की निम्म्यांना काही कळलं नाही. मतं घ्यायची वेळ आली तेव्हा जयंती उठली.

“तावडेकाका, तुम्हाला काय सांगितलंय?”

“वेगळी टाकी,” तावडे म्हणाले.

“आणि तुम्हाला, वहिनी?”

“टाकी एकच. पंप मोठा,” वरच्या बाई म्हणाल्या आणि तावड्यांकडे बघायला लागल्या.

“दोन्ही कसं होईल? आणि मागच्या जागेत किरकोळ बांधकाम नाही, चार मजली इमारत होतेय. तिला नाव कुणाचं देणार तेही ठरलंय.”

गलका झाला. अप्पांनी टेबलावर हात आपटला. तो आवाज कमावलेला होता, सगळे गप्प झाले. “सूनबाई,” ते हसून म्हणाले, “घरातली कुरकुर घरात करावी. इथे बोलायला अध्यक्षांची परवानगी लागते, आणि ती मी दिलेली नाही. बसा खाली.”

काही जण हसले. मागून कुणी तरी म्हणालं, “सासरा-सून नंतर खेळा, आधी पाण्याचं बघा.” विद्याधर तिची नजर टाळत सतरंजीचे दोरे मोजत होता.

जयंती बसली नाही. “अध्यक्ष माझ्या सहीवर तिथे बसलेत,” ती म्हणाली. “जागा माझ्या नावावर आहे. मी माझी संमती काढून घेते. आत्ता.”

सगळ्यांच्या माना माणिकताईकडे वळल्या. माणिकताईनं चष्मा नाकावर ढकलला. “नियमात बसतं ते,” ती म्हणाली. “सहसभासद नाही तर अध्यक्ष नाही. सभा मी चालवते.”

अप्पा उठले. टेबलाला धरून उठावं लागलं. जयंतीच्या शेजारून जाताना ते थांबले आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले, “माझ्या अंगणात उभं राहून मला पाडणारी तूच पहिली.” विद्याधर धावत त्यांच्यामागे गेला. ठराव नामंजूर झाला.

जयंतीला वाटलं होतं, निदान माणिकताई तरी पाठीवर हात ठेवील. माणिकताई जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, “काम झालं, पण शोभलं नाही हो. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत असं?” नळावरच्या बायका तिला बघून आवाज उतरवू लागल्या. तावडे तिच्याशी बोलेनासे झाले. आणि वर्ष-दीड वर्षात चंद्रप्रकाशनं कुठून तरी वरून परवानगी आणून निम्मी जागा बळकावलीच. तिथे गोडाऊन उभं राहिलं. पापड आता गच्चीवर वाळायला लागले.

घरात तर बोलायलाच नको. अप्पा तिच्याशी पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत. “तुझ्या घरमालकिणीला सांग,” असं ते विद्याधरला सांगत, तेही मराठीत, तिला कळावं म्हणून. तिच्या हातचं जेवण बंद केलं. शेजारच्या गल्लीतल्या खानावळीतून डबा यायला लागला. जयंती रोज तीन माणसांचा स्वयंपाक करायची आणि एकाचा उरलेला सकाळी बँकेत न्यायची. “कमी का करत नाहीस?” विद्याधरनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, “उद्या म्हणतील मला उपाशी ठेवलं.” विद्याधर एकदाच त्या सभेबद्दल बोलला. “तुझं चुकलं नव्हतं. पण ते घरात सांगायला हवं होतंस.”

“घरातच सांगितलं होतं. तुला.”

सत्त्याऐंशीत अप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीभही जड झाली. खानावळीतलं तिखट चालेना. जयंती भाताची पेज घेऊन पलंगापाशी बसली की ते ओठ घट्ट मिटत आणि भिंतीकडे तोंड फिरवत. ती वाटी ठेवून उठे आणि विद्याधर येऊन भरवी, मग ते खात. तिला दया येत नव्हती, आणि ती येत नाही ह्याचंही काही वाटत नव्हतं. चादरी मात्र ती रोज धुवायची.

पुढल्या साली श्रावणात ते गेले. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यातही नाव ‘शामराव’ छापलं होतं. दहाव्याच्या आसपास बोरिवलीहून एक बाई भेटायला आल्या. सुलक्षणा म्हणून, मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या, मूळच्या कारवारच्या. सतरंजीवर बसून त्या रडायलाच लागल्या. त्यांच्या वडिलांनी त्यांचं लग्न एका बिजवराशी ठरवलं होतं. केणीसाहेब उपमंत्री असताना त्या पळून त्यांच्या दौऱ्यावर गेल्या, गाडीपुढे उभ्या राहिल्या. साहेबांनी त्यांना गाडीत घेतलं, घरी जाऊन बापाला दम भरला आणि स्वतः नर्सिंगच्या कोर्सला नाव घालून दिलं. “त्यांच्या जातीची नव्हते मी, मत द्यायच्या वयाचीही नव्हते,” त्या म्हणाल्या. “माझ्यामुळे घरातलं कुणी त्यांना मत देणार नव्हतं. तरी केलं त्यांनी.” मग जयंतीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “नशीबवान तुम्ही. अशा माणसाची सेवा घडली.”

जयंती ऐकत होती. ही गोष्ट अप्पांनी कधी सांगितली नव्हती. रोज तासभर स्वतःबद्दल बोलणाऱ्या माणसानं हीच नेमकी का सांगू नये, ते तिला उमगेना.

“सेवा नाही घडली,” ती म्हणाली. “ते माझ्या हातचं पाणी घेत नसत. आमचं वैर होतं.”

सुलक्षणाबाईंनी हात सोडला. चहाचा कप अर्धा तसाच ठेवला, विद्याधरला नमस्कार केला आणि निघाल्या. जिन्यात त्यांची पावलं बराच वेळ वाजत होती.

“तेवढं बोलायची गरज होती का?” विद्याधर म्हणाला.

“होती.”

त्यानं वाकून सोसायटीची सतरंजी घडी घालायला घेतली. ती मोठी होती, एकट्याला आवरेना. त्यानं दुसरं टोक उचलून तिच्यासमोर धरलं. जयंतीनं ते घेतलं, आणि दोघांनी ती झटकून नीट घडी केली.